सोफा भिंतीला टेकलेला असेल तर

आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या कोटेशनांची पहिली ओळ हल्ली बहुधा ७.१.४ किंवा निदान ७.१ अशी असते. रिसीव्हर कुठला, स्पीकर कुठले, वायर किती मीटर, सगळं नीट लिहिलेलं असतं. सोफा कुठे आहे, हे मात्र कुठेच नसतं. आपल्या शहरांतल्या फ्लॅटचे हॉल पाहिले तर बहुतेकांत सोफा भिंतीला टेकलेला दिसतो. एवढी एक गोष्ट कळली की कोटेशनवरचा आकडा जवळजवळ ठरून जातो, आणि तो ७.१ नसतो.

मुळात हे आकडे थिएटरचे. १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या ७० मिमी प्रिंटमध्ये मागच्या आवाजाचे डावा आणि उजवा असे दोन भाग झाले. १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आलं आणि ५.१ रुळलं. २०१० मध्ये ‘टॉय स्टोरी ३’ने ७.१ आणलं, म्हणजे बाजूच्या भिंती वेगळ्या आणि मागची भिंत वेगळी. थिएटरात याला अर्थ होता. मधल्या रांगेत बसलेल्या माणसाच्या मागे आणखी कितीतरी रांगा असतात, त्यामागे भिंत, आणि त्या भिंतीवर ओळीने स्पीकर. मागून येणारा आवाज तिथे खरोखर मागून येतो.

आता हॉलमध्ये या. ५.१ चे सराउंड समोरच्या मधल्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर असावेत, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. ७.१ मध्ये बाजूची जोडी ९० ते ११० अंशांवर आणि मागची १३५ ते १५० वर. सोफा भिंतीला टेकलेला, म्हणजे डोकं भिंतीपासून साधारण १ फुटावर. हॉलची रुंदी ११ फूट धरली आणि माणूस मधोमध बसला, तर कोपरा त्याच्यापासून साडेपाच फूट बाजूला पडतो. या हिशेबाने त्याच भिंतीचा कोपरा १०० अंशांवर येतो. मागच्या भिंतीवर सरकता येईल तेवढं सरकलं, तरी आपण जेमतेम ५.१ च्या सराउंडच्या जागी पोचतो. तेवढ्याच अंतरावर १३५ अंशांची जागा शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये आहे. भिंतीला लागून, सोफ्यावर बसणाऱ्यांच्या डोक्यामागे दोन छोटे स्पीकर ठोकणं हा त्यावरचा नेहमीचा तोडगा. त्याने सोफ्याच्या टोकाला बसलेल्याच्या कानाशी एक खोकं बोलत राहतं आणि सिनेमा तिथेच मोडतो.

रिसीव्हर हे सांभाळून घेईल, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. बहुतेक रिसीव्हरचा माइक अंतर मोजतो, पातळी मोजतो, कोन मोजत नाही. ‘सराउंड बॅक’ म्हणून जोडलं, की तो स्पीकर मागेच आहे असं यंत्र धरून चालतं. (हाच माइक सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतो, तेव्हा टेप लावून ते ‘दुरुस्त’ करू नका. सबच्या आतल्या प्रक्रियेला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो.)

२०१२ च्या ‘ब्रेव्ह’पासून तर चॅनेल मोजण्याचं कारणच कमी झालं आहे. डॉल्बी ॲटमॉसमध्ये मिक्सिंग करणारा हेलिकॉप्टरला चॅनेल नेमून देत नाही, ते कुठे आहे ते नोंदवतो. तो आवाज कुठल्या स्पीकरमधून काढायचा हे ऐकवणाऱ्या जागी ठरतं, थिएटरात प्रोसेसर ठरवतो, घरी रिसीव्हर. ॲटमॉसचा सिनेमा ५.१ वर लावला तरी त्यातला एकही आवाज गळत नाही, फक्त कमी जागांत वाटला जातो. तेव्हा ‘चॅनेल कमी घेतलेत तर अर्धा सिनेमा ऐकूच येणार नाही’ ही भीती गिऱ्हाइकाला घालणं खोटं आहे. आपल्यातले जे हे करतात त्यांनी ते थांबवावं.

यापेक्षाही मोठी चूक आपण सगळ्यांनी मिळून रूढ केली आहे. सराउंडचे स्पीकर कोपऱ्यात, पार छताला टेकवून लावायचे. फर्निचर आड येत नाही, पोरांचा हात पोचत नाही, वायर पीओपीत लपते, आणि इंटिरिअरवालाही खूश. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सव्वातीन फुटांवर असतो. स्पीकर ८ फुटांवर गेला, तर साडेपाच फुटांच्या आडव्या अंतरावर तो कानाच्या वर सुमारे ४० अंश चढतो. ही उंची ॲटमॉसच्या वरच्या स्पीकरची आहे. मग वर्षा-दोन वर्षांनी तेच गिऱ्हाईक छतात दोन स्पीकर बसवून घेतं आणि विचारतं, फरक काय पडला? फरक पडणार कुठून? खालचा थरच वर नेऊन ठेवलेला. ॲटमॉसचा सगळा परिणाम कानाच्या पातळीचा आवाज आणि डोक्यावरचा आवाज यांच्यातल्या अंतरावर उभा आहे.

पटत नसेल तर ‘रोमा’ लावून पाहा. २०१८ चा हा सिनेमा नेटफ्लिक्सवर ॲटमॉसमध्ये आहे आणि त्याला पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे लपायला जागा नाही. रस्त्यावरचे फेरीवाले, कुत्रे, वाजत जाणारा बँड, सगळं जमिनीच्या पातळीवर आजूबाजूने जातं. सराउंड छताला असतील तर मेक्सिको सिटीचा तो रस्ता पोटमाळ्यावरून ऐकू येतो. त्याच खोलीत दोन्ही सराउंड स्टँडवर, कानाच्या जरा वर आणून ठेवा आणि गिऱ्हाइकाला तोच प्रसंग पुन्हा ऐकवा. एकही नवी वस्तू विकलेली नसते, आणि तरी त्याला खोली रुंद झाल्यासारखी वाटते.

सेंटर स्पीकरबद्दल थोडक्यात. संवाद बहुतांशी तिथूनच येतात, आणि ‘बोलणं कळत नाही, गाणी मात्र दणदणतात’ ही आपल्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार आहे. टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला सेंटर बाहेर कडेपर्यंत ओढा आणि कानाकडे थोडा वर वळवा. ऑटो सेटअपने पुढचे स्पीकर ‘लार्ज’ ठरवले असतील तर ते ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झला कापा. मागच्या दोन स्पीकरचे पैसे सेंटरमध्ये घाला, असं आम्ही कोणालाही सांगू. टीव्हीच्या ॲपमधून रिसीव्हरला आवाज जाणार असेल तर साध्या एआरसीवरूनही स्ट्रीमिंगचं ॲटमॉस जातं. टीव्हीला जोडलेल्या ब्लू-रे प्लेअरचं ट्रूएचडी पुढे न्यायचं असेल तरच ईएआरसी लागतं. ते नसलं म्हणून टीव्ही बदलायला लावू नका.

मग टेकलेल्या सोफ्याच्या हॉलला काय द्यायचं? आमचं मत ५.१.२. त्यापुढची .४ ची मागची जोडी डोक्याच्या मागे छतात हवी, आणि तिथे छत संपलेलं असतं. दोनच वरचे स्पीकर, कानापासून ६५ ते १०० अंशांच्या चढावर. फॉल्स सीलिंग ९ फुटांवर असेल तर डोक्याच्या साधारण १ ते अडीच फूट पुढे. झुंबर किंवा पंखा आड येत असेल तर आजच बोला, पीओपीवाला छत बंद करून गेल्यावर नाही. स्पीकर आत्ता घ्यायचे नसले तरी दोन कन्ड्युट टाकून घ्या, तो खर्च किरकोळ असतो.

सोफा ३-४ फूट पुढे ओढायला घर तयार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ७.१ जरूर विचारात घ्या. बासही सुधारतो, कारण भिंतीशी खालच्या सुरांचा दाब सर्वांत जास्त असतो आणि तिथे बसणाऱ्याला सब घुमतोच. पण हे आधी घरातल्यांशी बोलून ठरवा, कारण जायला-यायला वाट उरली नाही की आठवड्यात सोफा परत भिंतीला लागतो.

ज्यांनी ७.१ विकून झालं आहे त्यांनाही वाट आहे. ५.१.२ ला सातच ॲम्प्लिफायर लागतात. रिसीव्हर ॲटमॉसचा असेल तर मागची जोडी काढा, तिच्या जागी छतात दोन स्पीकर बसवा, आणि मेनूत जाऊन ॲम्प असाइन ‘सराउंड बॅक’वरून ‘हाइट’वर न्या. मग माइक लावून मोजणी पुन्हा पहिल्यापासून करा.