गुडघेदुखी: सुईची सवय सोडू, हक्काचे औषध मागू

धानाची रोवणी, तेंदूपत्ता तोडणे, मोहफुले वेचणे ही चंद्रपूर-गडचिरोलीतील कामे वाकून नाहीतर उकिडवे बसूनच करावी लागतात. पन्नाशीनंतर आपल्या आयाबहिणींचे गुडघे बोलू लागतात. मजुरी बुडू नये म्हणून बाजाराच्या दिवशी एक सुई घेतली जाते किंवा मेडिकलमधून गोळ्यांची पुडी आणली जाते. ही सवय थांबली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गुडघ्याची झीज भरून काढणारी गोळी आज तरी नाही. औषध वेदना कमी करते, एवढेच. म्हणून कमी धोक्याच्या औषधापासून सुरुवात करावी. गुडघ्यावर लावायचे डायक्लोफिनॅक जेल हे पहिले औषध. ते रक्तात फार थोडे उतरते. पॅरासिटामॉलने काहींना थोडा आराम पडतो, पण दारू पिणाऱ्यांनी यकृताला जपावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, जेवणानंतर, थोडेच दिवस घ्याव्यात. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा पोटात अल्सर असलेल्यांनी त्या स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नयेत. उन्हात पाण्याविना राबणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना तर धोका अधिकच. शौच काळी झाली, अंगावर सूज आली किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठावा.

नाव नसलेल्या पुडीत स्टिरॉइड असू शकते. दोन दिवसांत चालायला लावणारी ती गोळी पुढे साखर वाढवते, हाडे ठिसूळ करते. बरेच दिवस घेतली असेल तर एकाएकी बंदही करू नये, डॉक्टरांना दाखवावे.

औषधाइतकाच व्यायाम महत्त्वाचा. खुर्चीवर बसून पाय सरळ करा, पाच आकडे मोजा, खाली घ्या. मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

पण नुसता उपदेश करून भागणार नाही. गावात जेल मिळत नसेल तर बाई सुईच घेणार. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात जेल असावे, ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट यावा, नेहमी वेदनाशामक घेणाऱ्यांचा रक्तदाब व क्रिएटिनिन तपासले जावे. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. आयुष्यभर राबलेल्या बाईने म्हातारपणी दुखणे सोसत बसावे, हे आम्हाला मान्य नाही.