यंदा घट कोणाकडे?

भाद्रपद सरत आला की बदनापूर-जालन्याकडच्या विभक्त घरांत एक प्रश्न हमखास निघतो : यंदा घट कोणाकडे? थोरला गावात, मधला वाळूजच्या कारखान्यात, धाकटा पुण्यात. शेत वाटलं, वाडा वाटला, पितळी भांडीसुद्धा मोजून वाटली. देवीचे टाक मात्र एकच. मग नऊ दिवस कधी थोरल्या जावेच्या अंगावर पडतात, कधी ज्याच्या त्याच्या फ्लॅटमध्ये वेगळा घट बसतो, आणि कधी ‘आमच्यात आता कोणी बसवत नाही’ एवढं बोलून विषय मिटतो.

कुलदैवत तुळजापूरचं असो वा माहूरचं, घरातलं नवरात्र आपल्याकडे देवघरातच मावतं. शेतातली काळी माती पत्रावळीवर पसरायची, तिच्यात धान्य पेरायचं, कुंभाराकडचा घट मधोमध ठेवायचा, विड्याची पानं आणि नारळ मांडायचा. रोज एक माळ. तरवडाची, कारळाची, झेंडूची, बांधाला जी फुलं असतील त्यांची. वर कडाकण्यांचा फुलोरा. दिवा विझू द्यायचा नाही. दसऱ्याला घट उठला की उगवलेलं धन टोपीत खोचून माणसं सीमोल्लंघनाला निघतात. सोमठाण्याच्या रेणुकामातेच्या डोंगरावर आणि अंबडच्या मत्स्योदरीला याच दिवसांत रीघ लागते, पण घरचा घट बसवल्याशिवाय अनेकांचं नवरात्र सुरूच होत नाही.

याच दिवसांतली बंगालची दुर्गापूजा मात्र तिथल्या जुन्या धनिक घराण्यांकडे दिवाणखान्याच्या मापाची होती. वाड्याच्या मधोमध अंगण आणि त्याच्या एका अंगाला कमानींचा ठाकुरदालान, म्हणजे देवीचा कायमचा मंडप. कोलकात्याजवळच्या बडिशा गावी साबर्ण रायचौधुरी घराण्याची पूजा 1610पासूनची सांगतात. शोभाबाजारच्या नवकृष्ण देवांनी 1757मध्ये, प्लासीच्या लढाईनंतर काही महिन्यांतच मोठा उत्सव मांडला. त्यात इंग्रज साहेबांची सरबराई झाली. अमेरिकी जहाजांशी व्यापार करून गब्बर झालेल्या रामदुलाल दे यांच्या घरची पूजाही अशीच नामांकित. भक्ती होती, तसा थाटही होता आणि नव्या राज्यकर्त्यांपुढची हांजी हांजीही. जुनं ते सोनं म्हणताना हा भाग झाकून ठेवण्याचं कारण नाही.

पैसा आटल्यावरही यातल्या बऱ्याच घरांत पूजा थांबली नाही, हे खरं पाहण्यासारखं आहे. देवीच्या नावे काढून ठेवलेली मालमत्ता, घराण्याचा न्यास आणि शाखांमध्ये फिरणारी पाळी या तिन्हींनी ती तगवली. व्यापारी लाहा घराण्यात देवी महिषाला मारणारी नसते, शिवाच्या मांडीवर बसलेली असते. आणि तिची पूजा आळीपाळीने एकेका शाखेकडे जाते. शोभाबाजारात दत्तक मुलगा आणि नंतर झालेला औरस मुलगा यांची दोन घरं झाली, तशा पूजाही दोन झाल्या. आपल्याकडच्या थोरल्या-धाकट्याला हे काही नवं वाटणार नाही.

मराठी माणसाचा या पूजेशी आणखी एक संबंध आहे, फारसा अभिमानाचा नसला तरी. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर 1742मध्ये बंगालवर चालून गेले आणि काटव्याजवळच्या दाईंहाट इथे त्यांनी दुर्गापूजा मांडली. खर्च अर्थातच आसपासच्या जमीनदारांकडून वसूल केलेला. नवमीच्या पहाटे नवाब अलिवर्दीखानाने अचानक छापा घातला आणि पूजा अर्धवट टाकून मराठी फौजेला पळ काढावा लागला. दमदाटीच्या वर्गणीची परंपरा किती जुनी आहे, हे मंडळांच्या पावतीपुस्तकांना कंटाळलेल्या दुकानदारांनी इथे जरूर नोंदवून ठेवावं.

घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या वाहिलेली सेवा पाहायची तर बंगालपर्यंत जायची गरज नाही. तुळजाभवानी दसऱ्याला ज्या पालखीतून सीमोल्लंघन करते ती अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरच्या भगत या तेली घराण्याकडून येते, आणि त्यानंतरच्या श्रमनिद्रेचा पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावचा. तेल विकणाऱ्या भक्ताच्या घरी देवी लेकीसारखी राहिली, अशी बुऱ्हाणनगरची आख्यायिका आहे. पालखी बांधणारे, पलंग घडवणारे, वाटेत खांदा देणारे अशा अनेक गावांची आणि जातींची कामं त्यात ठरलेली आहेत. कोणी एकटा सगळं करत नाही, म्हणून कोणी थकूनही जात नाही.

घरच्या घटाचं दुखणं नेमकं इथेच आहे. माती आणून देणारा पुरुष ‘आमच्याकडे नवरात्र कडक असतं’ असं सांगतो, पण तो कडकपणा सांभाळते बाई. उपास तिचा, सोवळं तिचं, रात्री दिव्यात तेल घालायला उठणंही तिचंच. आता ती नोकरी करते. नऊ दिवस तिला कोण रजा देणार? तिने घट बंद केला तर नातेवाईक नावं ठेवतात. ठेवणाऱ्यांपैकी एकाने तरी एखादं वर्ष घट आपल्याकडे मागून घ्यावा.

त्याहून अवघड गोष्ट लेकींची. वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. कुळाचार मात्र अजून सासरच्या कुळाचाच धरला जातो. बंगाली माणूस दुर्गेला माहेरी आलेली लेक मानतो. मराठवाड्यातही भाद्रपदात महालक्ष्म्या माहेरवाशिणी म्हणूनच येतात. देवी लेक म्हणून चालते, पण लेकीने आईवडिलांचे टाक पुजलेले चालत नाहीत, याला काय म्हणावं? एकुलत्या मुलीच्या घरात तर हा प्रश्न टाळताच येणार नाही.

म्हणून भाऊबंदांनी पितृपंधरवड्यात, सगळे पानावर एकत्र बसतात तेव्हाच, पुढच्या पाच-सहा वर्षांच्या पाळ्या कागदावर लिहून काढाव्यात. त्यात बहिणींची नावं असावीत. खर्चाची पेटी सामाईक असावी, गोंधळ्याची आणि कुंभाराची बिदागी त्यातूनच आणि आजच्या दराने द्यावी. ज्याची पाळी त्याच्याकडे टाक जातील; बाकीच्यांनी अष्टमीच्या होमाला तिथे जायचं, आणि जाताना पाहुण्यासारखं न बसता पुरणाच्या कढईशी उभं राहायचं, पुरुषांनीसुद्धा.