तण मेलं, पण औषध गेलं कुठे?

आमच्याकडे त्याला ‘औषध’ म्हणतात. उसाची लागण झाली, वापसा आला, की तण उगवायच्या आत अ‍ॅट्राझीन मारायचं. औषध कुणाला? जमीन तर आजारी नव्हती!

हे उगवणीपूर्व तणनाशक ओल्या मातीत बसतं, तणाच्या मुळांतून वर चढतं आणि त्याचं प्रकाशसंश्लेषणच बंद पाडतं. ऊस आणि मका ते आपल्या पेशींत निकामी करतात, म्हणून वाचतात. हुशारीचं काम आहे, नाकारत नाही. पण मंडळी, तण मेल्यावर उरलेलं औषध जातं कुठे? मातीला ते घट्ट चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं. भूजलातलं प्रमाण लिटरला 0.1 मायक्रोग्रॅमच्या आत राहील याची खात्री मिळेना, म्हणून युरोपीय संघाने 2004 साली त्याला मान्यता नाकारली. आपल्याकडे मे 2020 मध्ये केंद्राने 27 कीडनाशकांच्या बंदीचा मसुदा काढला, त्यात हे नाव होतं. 2023 मध्ये बंदी आली ती मोजक्याच नावांवर. हे सुटलं.

कुणी म्हणेल, युरोपची ती मर्यादा सगळ्याच कीडनाशकांना सरसकट लावलेली आहे, विषारीपणा बघून नाही. मान्य. मग आपली घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अ‍ॅट्राझीनला 2 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. पण तुमच्या विहिरीत ते किती आहे, हे कुणी सांगितलंय तुम्हाला? टीसीएल पावडर टाकली की पाणी शुद्ध, ही आपली समजूत. टीसीएलने जंतू मरतात हो, तणनाशकाचा बंदोबस्त होत नाही.

आता काका फोन करणार, "भांगलणीला बायका मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही." खरं आहे. शहरात बसून मी कुणाला उन्हात वाकून भांगला म्हणणार नाही. पण खोडव्यातलं पाचट पेटवायचं आणि त्याच रानासाठी तणनाशक विकत आणायचं, हे कुठलं शहाणपण? सरीत पसरलेलं पाचट तण दाबतं, ओलही धरतं, तेही फुकटात. आणि लागणीत मारायचंच असेल, तर पिण्याच्या विहिरीलगतचं रान तरी सोडा.

माझी मागणी एवढीच : ऊसपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी पहिल्या पावसानंतर तपासा आणि आलेला आकडा चावडीवर लावा. तो मर्यादेच्या आत निघाला, तर इथेच मोठ्या अक्षरांत छापीन. पण न मोजताच ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांचं मी ऐकणार नाही. तुम्हीही ऐकू नका.