पर्यावरणाचा ओव्हरटाइम कुणाच्या नावावर?



घरातल्या घरात करता येण्याजोगे पर्यावरणाचे लहानसहान बदल, हा या अंकाचा विषय आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा करा. बाजारात कापडी पिशवी न्या. भाजी धुतलेलं पाणी झाडांना घाला. बाळाला डायपरऐवजी लंगोट बांधा. या सूचना आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत आणि त्यांत चुकीचं काही नाही. मात्र ‘करा’ म्हणताना कुणी करायचं, हे त्या कधी सांगत नाहीत. घराचं काम म्हटलं की ते सांगावं लागतच नाही!

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडे पाहिलं की हा प्रश्न जास्त टोचतो. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या या वसाहतीला रस्ते, वीज, पाणी अशा सोयींच्या हिशेबानं पाच तारे मिळाले. आसपासच्या गावांतून बायका इथं कामाला येतात. पहिल्या पाळीच्या बाईचा दिवस कारखान्याच्या भोंग्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. पाणी भरायचं, डबे करायचे, दारात म्हैस असेल तर शेणघाण काढायची. संध्याकाळी परत आल्यावर पुन्हा चूल, भांडी, धुणं. तिच्या घराला किती तारे द्यायचे, हे ठरवायला अजून कुठली समिती आलेली नाही.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यासाठीचा सरासरी वेळ दिवसाला २८९ मिनिटं भरला, तर असं काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा घटला, अंतर मात्र जिथल्या तिथं राहिलं. आता या २८९ मिनिटांत कचरा निवडणं, खत ढवळणं, पिशव्या शिवणं, लंगोट धुणं यांची भर घातली, तर तो ओव्हरटाइम कुणाच्या नावावर चढणार? आणि त्याचा मोबदला कोण देणार?

‘पूर्वीच्या बायका कशा निसर्गाला धरून राहत!’ असं कौतुक आपल्या कानावर येतं. राखेनं भांडी घासत, शेणानं अंगण सारवत, काही वाया घालवत नसत. खरं आहे. पण ती राख ज्या चुलीतली, तिचा धूर कुणाच्या छातीत गेला? दरवर्षी होळीच्या सुमारास कोल्हापुरातली मंडळं पंचगंगा स्मशानभूमीला शेणी दान करतात. होळीत जाळण्यापेक्षा त्या अंत्यसंस्कारासाठी उपयोगी पडतात, हा विचार चांगलाच आहे. फोटोत मंडळाचे कार्यकर्ते असतात. शेण कालवून, थापून, वाळवून त्या शेणी करणारे हात बहुतेक करून बायकांचे असतात आणि ते फोटोत येत नाहीत. निसर्गाला धरून राहणं बाईच्या कंबरेवर उभं होतं, हे विसरून त्याचं गुणगान करणं म्हणजे तिला पुन्हा चुलीपुढं बसवणं.

म्हणून प्रत्येक बदलाला आपण दोन प्रश्न विचारू या. यानं कचरा, धूर, पाणी किंवा इंधन खरोखर वाचतं का? आणि यानं घरातल्या बाईचं काम वाढतं की कमी होतं? वाढत असेल, तर ते काम कोण उचलणार, हे आधी ठरलं पाहिजे.

काही बदल या परीक्षेला सरळ उतरतात. डाळ भिजवून मग शिजवली, पातेल्यावर झाकण ठेवलं, तर गॅस वाचतो आणि वेळही. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण न कापता पिशवीलाच लटकता ठेवला, तर तो बारीक तुकडा गटारात जात नाही, पिशवीबरोबर भंगारात जातो. याला एक क्षणही जास्त लागत नाही. काही बदलांना घरातल्या इतरांचे हात लागतात. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हापासून कापडी पिशवीचा आग्रह वाढला. ती पिशवी शिवायची बाईनं, धुवायची बाईनं, आणि नवरा ती विसरून गेला की ‘आठवण का नाही केलीस?’ हेही तिलाच! पिशवी गाडीच्या डिकीत ठेवणं हे गाडी चालवणाऱ्याचं काम आहे. ओल्या-सुक्या कचऱ्याचंही तसंच. ज्यानं खाल्लं, त्यानं साल योग्य डब्यात टाकावी. सगळ्यांनी एकत्र टाकायचं आणि बाईनं बसून निवडायचं, याला कचरा वेगळा करणं म्हणत नाहीत.

बंबाकडेही बघा. पाणी लवकर तापावं म्हणून त्यात कुठं कुठं प्लॅस्टिक, कृत्रिम धाग्याच्या चिंध्या घातल्या जातात. तो धूर विषारी असतो आणि पहिल्यांदा बंब पेटवणारीच्या नाकात जातो. हे बंद करण्यात पर्यावरणाआधी तिची स्वतःची छाती वाचते.

सॅनिटरी पॅडचा प्रश्न मात्र घरात सुटत नाही. पॅडऐवजी धुवून वापरायचं कापड घ्या, असा सल्ला दिला जातो. घरी पाणी, ऊन आणि आडोसा असलेल्या बाईला तो पटेलही. पण आठ तासांच्या पाळीत ते बदलायचं कुठं, धुवायचं कुठं? जिथं संडासात पाणी नाही, दाराला कडी नाही, झाकणाची कचरापेटी नाही, तिथं कुठलाच पर्याय ‘पर्यावरणस्नेही’ होऊ शकत नाही. आधी सोय, मग सल्ला. आणि पॅड वापरले, तर ते उघडे टाकू नयेत. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, ती कचरा वेचणाऱ्यांची, ज्यांत बहुसंख्य बायकाच आहेत. पुढं तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं लोकांना एक साधी गोष्ट सांगितली: वापरलेला पॅड कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका करा. आपला कचरा शेवटी दुसऱ्या बाईच्या हातात जातो, एवढं भान त्या ठिपक्यात आहे.

या सगळ्यात आणखी एक धोका आहे. आपण दुधाच्या पिशव्यांचे कोपरे मोजत बसायचं आणि नदीत काय सोडलं जातं, ते कुणी मोजायचं नाही, असं होता कामा नये. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळं काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. घराघरांत पाणी उकळणं, पथ्याचं रांधणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं कुणाच्या वाट्याला आलं, हे सांगायला नको. पाणी बिघडवलं सांडपाण्यानं, भरपाई केली बायकांच्या श्रमानं. म्हणून घरातली शिस्त हवीच, पण तेवढीच ताकद बाहेर प्रश्न विचारण्यात लावायला हवी.

त्यासाठी जागा आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. तिथं विचारा: घंटागाडी आमच्या कामाच्या वेळेत का येते? वेगळा केलेला कचरा पुढं एकत्र का होतो? ओढ्याला रंग का चढतो? कारखान्यात संडास, पाणी आणि झाकणाची पेटी एकटीनं मागू नका, दहाजणींनी मिळून मागा.

आणि घरात? या तीन महिन्यांत एकच करून पाहा. पर्यावरणाचं कुठलंही नवं काम घरी आणलंत, तर त्याबरोबर एक जुनं काम घरातल्या पुरुषाकडं सोपवा. काय जमलं, कुठं भांडण झालं, कुणी हसलं, कुणी मनापासून हात लावला, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात आपण ते एकमेकींना वाचून दाखवू.

– संपादक मंडळ