नुसते वाटेने जायलाही व्हिसा लागतो!



गेल्या वर्षी आमच्या राहू भागातला, आपल्याच समाजातला एक मुलगा उच्च शिक्षणासाठी कॅनडाला निघाला. बँकेचे कर्ज काढलेले, विहारात वंदना घेऊन वस्तीने निरोप दिलेला. मुंबई विमानतळाच्या काउंटरवर त्याला अडवले. कॅनडाचा व्हिसा होता. पण एजंटाने काढून दिलेले स्वस्त तिकीट अमेरिकेमार्गे होते. तिथे फक्त विमान बदलायचे होते. तरीही त्यासाठी अमेरिकेचा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. विमान गेले, पैसेही गेले. गावात लोक म्हणाले, "एवढा शिकला, एवढंही कळलं नाही?"

कळणार कुठून? माझा प्रश्न तोच आहे.

बाबासाहेबांच्या आत्मकथनपर टिपणांचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे. त्यातली पहिली आठवण प्रवासाचीच. 1901 साली लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांकडे गोरेगावला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, स्वतः गाडी हाकत ते निघाले. रात्री टोलनाक्यावर पाणी मिळाले नाही. जवळ भाकर असून पोरे उपाशी झोपली. त्यांना त्या गावांत राहायचे नव्हते, नुसते वाटेने जायचे होते.

मग व्हिसा आणि अस्पृश्यता एकच का? नाही. घाईने तसे म्हणणे चुकीचे आहे. व्हिसाचा नियम लिहिलेला असतो, अर्ज करता येतो. मसूरला अर्जाची खिडकीच नव्हती. शिवाय सीमा प्रत्येक देश राखतो. आपलाही देश परक्या प्रवाशाला ट्रान्झिट व्हिसावर जास्तीत जास्त तीन दिवस राहू देतो आणि पुढचे तिकीट मागतो.

पण एक साम्य नजरेआड करू नका. इथेही माणूस आधी जन्माने मिळालेल्या कागदावरून जोखला जातो. ब्रिटनमध्ये विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायलाही भारतीयाला सहसा व्हिसा लागतो. मात्र त्याच्याकडे अमेरिकेचा किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असेल तर बहुधा सूट मिळते. माणूस तोच, पासपोर्ट तोच. श्रीमंत देशाचा शिक्का बसला की विश्वासाला पात्र! चीनने डिसेंबर 2024 मध्ये 54 देशांच्या प्रवाशांना 240 तासांचा विनाव्हिसा थांबा दिला. त्या यादीत भारत नाही.

या नियमाचा मार सर्वांना सारखा बसतो का? प्रस्थापितांच्या घरात न्यू जर्सीचा काका असतो, आधी जाऊन आलेली ताई असते. माहिती त्यांना वारशात मिळते. आपल्या पहिल्या पिढीला मिळतो तो कमिशनवरचा एजंट. नियमात जात लिहिलेली नसते. पण नियम माहीत असण्या-नसण्यात ती असतेच.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला समाजकल्याण विभागाने निघण्यापूर्वी प्रवासमार्गाचे मार्गदर्शन द्यावे आणि ट्रान्झिट व्हिसाची फी खर्चात धरावी. तिकीट विकणाऱ्याने वाटेतल्या व्हिसाची गरज लेखी कळवणे बंधनकारक करावे.

पण शासनाची वाट पाहत बसू नका. विहारात एक वही ठेवा. जो परदेशी गेला त्याने आपला मार्ग, थांबे, लागलेली कागदपत्रे त्यात लिहावीत. तिकीट काढण्यापूर्वी चार गोष्टी विचारा: विमान कोणत्या देशात थांबते? सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे का? सामान थेट शेवटपर्यंत जाते की मध्ये घ्यावे लागते? युरोपात शेंगेन देशांतले दोन थांबे तर नाहीत? दोन असतील तर पहिल्याच ठिकाणी त्या देशात प्रवेश घ्यावा लागतो, विमानतळापुरती परवानगी पुरत नाही. उत्तर एजंटाकडून नव्हे, त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरून तपासा.

तो मुलगा पुन्हा तयारी करतोय. वहीचे पहिले पान त्यानेच लिहिले आहे. दुसरे पान तुमच्या गावात लिहिले जावे.

जय भीम!