हो, नाही आणि बेफिकिरी

रकमेच्या कॉलममध्ये दशांशाचे किती अंक ठेवायचे यावर तासभर वाद घालणारी माणसं 'खातं बंद आहे का' या कॉलमपाशी आली की दोन सेकंदांत पुढे सरकतात. एक फ्लॅगच तर आहे, टाक! मग कुणी 'वाय' आणि 'एन' ठेवतं, कुणी एक आणि शून्य, कुणी 'टी' आणि 'एफ'. एकाच टेबलात मोठ्या लिपीतला 'वाय' आणि छोट्या लिपीतला 'वाय' मी पाहिलाय, आणि क्वेरी लिहिणाऱ्याला फक्त पहिलाच माहीत होता.

थोडं खापर डेटाबेस बनवणाऱ्यांच्या माथी फोडायलाच हवं. एसक्यूएलच्या मानकात बूलियन आला १९९९ साली. ओरॅकलच्या टेबलात तो कॉलम म्हणून यायला २०२३ उजाडलं. मायएसक्यूएलमध्ये तुम्ही बूलियन लिहिता आणि आत तयार होतो टायनीइंट. त्यात २ सुखाने बसतो. तो ट्रूच्याही बरोबर नाही आणि फॉल्सच्याही नाही, त्यामुळे अशी ओळ दोन्ही याद्यांतून गळते. पण साधन अपुरं होतं ही सबब मी ऐकून घेणार नाही. चेक लावता येतो, नॉट नल लिहिता येतं. लिहायचा कंटाळा केला, हे खरं कारण.

त्या कंटाळ्याची किंमत मी एका पतसंस्थेत पाहिली. जुन्या शाखेचा डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणताना 'बंद' हा कॉलम रिकामा राहिला. कॉलमवर चेक होता: 'वाय' किंवा 'एन'च चालेल. तरी नल आत शिरला, कारण चेक अडवतो ते फक्त नक्की खोटं ठरलेल्याला. 'माहीत नाही' त्याच्यातून सरळ जातं. पुढे सहामाही व्याजाच्या क्वेरीत अट होती, बंद 'वाय' नसलेली खाती घ्या. नल 'वाय'पेक्षा वेगळा आहे का? उत्तर पुन्हा 'माहीत नाही', आणि व्हेअर घेतो फक्त नक्की खरं असलेलं. चालू खाती गळली. क्वेरीने चूक दाखवली नाही, लॉगमध्ये लाल ओळ नाही. एक आजोबा पासबुक घेऊन खिडकीशी आले आणि बोट ठेवून म्हणाले, "इथे व्याजाची ओळ असायची." आतल्या मुलीने त्यांना तीन वेळा सांगितलं की कॉम्प्युटरमध्ये तेवढंच आहे. ती खोटं बोलत नव्हती, आणि मला आजही राग येतो तो याच गोष्टीचा: आम्ही तिच्या तोंडी चुकीचं उत्तर दिलं होतं. नॉट नल आणि 'एन' हे डिफॉल्ट, एवढं लिहिलं असतं तर डेटा आणतानाच इम्पोर्ट थांबला असता किंवा रिकाम्या जागा भरल्या गेल्या असत्या.

तिसरं उत्तर खरोखर असतं तिथे ते मान्य करा. ग्राहकाला संमती विचारलीच नसेल तर ते 'नाही' नव्हे. मग तिथे हो-नाहीचा कॉलम नकोच. 'विचारलं नाही, दिली, नाकारली' अशी स्थिती ठेवा. 'हटवलं' या फ्लॅगऐवजी हटवल्याची तारीख ठेवली तर कधी हटवलं तेही कळतं.

आता इंडेक्स. क्वेरी रेंगाळली की फ्लॅगवर इंडेक्स टाकायचा, ही सवय मी रोज मोडून काढते. एसएमएसच्या टेबलात दोन कोटी ओळी, त्यातल्या हजारभर सोडून सगळ्या 'पाठवलेल्या'. पाठवलेल्या मागितल्या तर ऑप्टिमायझर इंडेक्स बाजूला ठेवून टेबलच सलग वाचतो, आणि ते त्याचं बरोबर असतं. प्रत्येक पानावर त्या ओळी आहेत, मग उड्या कशाला मारायच्या? आपल्याला हव्या असतात न पाठवलेल्या. त्या हजारासाठी दोन कोटी नोंदी का सांभाळायच्या आणि फ्लॅग बदलला की दर वेळी त्या का हलवायच्या? पोस्टग्रेसमध्ये पार्शल इंडेक्स आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ पासून फिल्टर्ड इंडेक्स आहे, एसक्यूएलाइटमध्येही २०१३ पासून सोय आहे. ओरॅकलचा नेहमीचा इंडेक्स पूर्ण नल असलेली नोंद ठेवतच नाही, म्हणून केस लिहून नको असलेल्या बाजूला नल द्यायचा आणि त्यावर इंडेक्स बांधायचा. मायएसक्यूएलमध्ये अटीचा इंडेक्स नाही. तिथे फ्लॅगला तारखेची जोड द्या.

आणि इंडेक्स बांधून निघून जाऊ नका. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अटीत शून्य थेट न लिहिता पॅरामीटर पाठवला की फिल्टर्ड इंडेक्स वापरला जात नाही, कारण तोच प्लॅन उद्या एकसाठीही चालायला हवा. इंडेक्स जागेवर, क्वेरी तितकीच संथ, आणि टीम म्हणते इंडेक्सचा उपयोग नाही. प्लॅन उघडून कुणीच पाहिलेला नसतो. म्हणून माझ्याकडे फ्लॅगवरचा इंडेक्स मंजुरीला आला की मी आधी विचारते, थोड्या ओळी कोणत्या बाजूला आहेत आणि प्लॅन कुठे आहे. उत्तर नसेल तर तो परत जातो, रिलीज आज रात्री असली तरी.