भावी पुढारी आणि त्यांचे कारकून

पुणेकरांना शिरूर ठाऊक असते ते नगरच्या वाटेवर घोडनदीचा पूल ओलांडण्यापूर्वीचे गाव म्हणून. आणि दौंड ठाऊक असते ते मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे तोंड बराच काळ जेथे फिरवावे लागे ते जंक्शन म्हणून. दोन्ही ठिकाणी प्रवासी चहा घेतो, घड्याळाकडे पाहतो आणि पुढे निघून जातो. या दोन्ही गावांत महाविद्यालये आहेत, ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि उसाच्या फडातून, रेल्वेच्या चाळीतून, रांजणगाव व कुरकुंभ येथील कारखान्यांत राबणाऱ्यांच्या भाड्याच्या खोल्यांतून आलेली मुलेमुली तेथे पदवीचे शिक्षण घेत आहेत, याची जाणीव किती पुणेकरांना असते? आज आम्हांला लिहावयाचे आहे ते मात्र त्या मुलांविषयी नव्हे. त्या मुलांच्या आणि शिष्यवृत्तीच्या मध्ये एका लाकडी मेजापाशी बसलेल्या माणसाविषयी.

‘भावी नेतृत्व घडविणे’ हे शब्द अलीकडे विद्यापीठांच्या आणि दानशूर उद्योगसंस्थांच्या पत्रकांतून सर्रास आढळतात. पत्रकावर कुलगुरूंचे छायाचित्र असते, देणगीदाराचे असते, निवडलेल्या विद्यार्थ्यांचे तर असतेच. अर्ज कोणी तपासला, मुलाखतीचे पत्र वेळेवर कोणी पोहोचविले, निवड झालेली मुलगी दुसऱ्या सत्रात कॉलेजात दिसेनाशी झाली तेव्हा तिच्या घरी कोण गेले, याचा उल्लेख त्यात कोठेही नसतो. जणू शिष्यवृत्ती ही आकाशातून पडते आणि गुणी मुलाच्या ओंजळीत अचूक येऊन थांबते!

असे कधीच घडलेले नाही. ज्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीचा दाखला या विषयात जगभर दिला जातो, तिचेच पाहा. सेसिल ऱ्होड्स 1902 मध्ये वारला आणि मृत्युपत्रात पैसा ठेवून गेला. (त्या पैशाचा उगम आफ्रिकेतील खाणींत आणि तेथील लोकांच्या लुबाडणुकीत होता, हे आम्ही विसरलेलो नाही, आणि स्त्रियांना ही शिष्यवृत्ती खुली व्हावयास 1977 साल उजाडावे लागले, हेही नाही.) पण मृत्युपत्र म्हणजे योजना नव्हे. ती योजना उभी करण्यासाठी विश्वस्तांनी जॉर्ज पार्किन नावाच्या माणसाला कॅनडातून बोलावून घेतले. हा गृहस्थ कोणी मुत्सद्दी नव्हता की सावकार नव्हता. तो एका विद्यालयाचा मुख्याध्यापक होता. देशोदेशी हिंडून, निवड कोणी करावी आणि कशी करावी याची घडी त्याने बसविली. ऱ्होड्सचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पार्किनचे नाव किती जणांनी ऐकले आहे?

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचा विषय निघाला की बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु मुंबईच्या चर्नी रोडवरील बागेत वाचत बसणाऱ्या त्या शाळकरी मुलाची विचारपूस करणारे, 1907 मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट देणारे आणि त्याचे नाव महाराजांच्या कानावर घालणारे कृष्णराव अर्जुन केळुस्कर हे पेशाने शिक्षक होते. महाराजांनी महिना 25 रुपये मंजूर केले. पुढे 1913 मध्ये त्याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. दान महाराजांचे खरे, पण त्या दानाला पत्ता मिळाला तो केळुस्कर गुरुजींमुळे.

आणि याच कथेची दुसरी बाजूही आहे. 1917 मध्ये बाबासाहेब करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले गेले, कचेरीतले शिपाई कागद दुरून मेजावर टाकीत. राजा उदार होता, खजिना भरलेला होता, करारपत्र व्यवस्थित होते; पण परत आलेल्या विद्वानाच्या राहण्याची सोय पाहणे हे त्या संस्थानात कोणाचे काम नव्हते! थोड्याच महिन्यांत बाबासाहेबांना बडोदे सोडावे लागले.

‘कोणाचे काम नव्हते’ हे शब्द आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण ते आमच्याही माथी आहेत. संपादकाच्या खुर्चीत बसण्यापूर्वी प्रस्तुत लेखक काही वर्षे एका तालुक्याच्या गावी शिक्षक होता. शिष्यवृत्तीचे अर्ज जमा करण्याचे काम वर्गशिक्षकांपैकी ‘जो मोकळा असेल त्याने’ करावे, अशी तेथील रीत होती. एका वर्षी ते आमच्याकडे आले. एका मुलीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडलेला नव्हता. तिच्या वडिलांनी तहसील कचेरीत दोन खेपा घातल्या होत्या. तिसऱ्या खेपेसाठी मजुरीचा दिवस बुडवावयास हवा होता. तिला आठवण करून देण्याचे आमच्या हातून राहिले, आणि मुदत निघून गेली. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आली नाही. आम्हांला कोणी जाब विचारला नाही, कारण जाब विचारावा असे ते कामच मानले जात नव्हते.

आज दाखल्यांचे गठ्ठे गेले आणि महाडीबीटीचे संकेतस्थळ आले. पण माणसाची गरज त्याने कमी झाली, हा भ्रम आहे. अर्ज विद्यार्थ्याने भरला तरी तो आधी महाविद्यालयाच्या कारकुनाने तपासावा लागतो, मग प्राचार्यांनी, मग संबंधित खात्याने. नावातील एक वेलांटी चुकली, बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसले, की अर्ज परत येतो. आणि तो परत आल्याचे पुष्कळदा विद्यार्थ्याच्या गावीही नसते. ‘‘अगं, तुझं खातं अजून जोडलेलंच नाही; उद्या पासबुक घेऊन बँकेत जा,’’ असे तिला बोलावून सांगणारा कारकून जेथे असतो तेथे पैसा येतो. जेथे नसतो तेथे तो येत नाही, आणि अहवालात ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अल्प’ असे लिहिले जाते.

सारे कारकून देवमाणसे असतात, असे आमचे म्हणणे नाही. दौंडच्या गाडीने किंवा शिरूरच्या एस.टी.ने पुण्याला आलेल्या पोराला ‘साहेब जेवायला गेले आहेत, उद्या या’ असे सांगून वाटेला लावणारे महाभागही याच मेजांपाशी बसलेले असतात. पण जो मनुष्य कंत्राटावर नेमलेला आहे, ज्याच्याकडे प्रवेश, परीक्षा आणि शिष्यवृत्ती ही तिन्ही कामे एकाच वेळी सोपविलेली आहेत, त्याच्याकडून आस्थेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? शिक्षकेतर पदांची भरती वर्षानुवर्षे रखडत ठेवावयाची, शिष्यवृत्ती समन्वयकाचे ओझे तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाच्या गळ्यात घालावयाचे, आणि वर नेतृत्वविकासाच्या घोषणा करावयाच्या, ही विसंगती विद्यापीठाला आणि शासनाला खटकत कशी नाही?

शिष्यवृत्तीचा पैसा नोकरांच्या पगारावर खर्च होऊ नये, असा आक्षेप काही सज्जन घेतील. त्यांनी कर्मवीर भाऊराव पाटलांचे साताऱ्याचे वसतिगृह आठवावे. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था त्यांनी स्थापन केली. पण वसतिगृहातील मुलांच्या पानात रोज भाकरी पडत होती ती लक्ष्मीबाईंमुळे. धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले. कर्मवीरांच्या नावाने विद्यापीठ आज ‘कमवा आणि शिका’ योजना चालविते. तीत मुलांच्या कामाचे तास नोंदवून मानधनाची रक्कम वेळेवर त्यांच्या हाती पडेल हे पाहणारा प्राध्यापक लक्ष्मीबाईंचेच काम करीत असतो. फरक इतकाच, की कोणाच्याही त्यागावर योजना चालावी अशी अपेक्षा धरण्याचा हक्क विद्यापीठाला नाही. विद्यापीठापाशी अर्थसंकल्प आहे.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. विद्यापीठाने प्रत्येक तालुक्यास शिष्यवृत्तीच्या कामासाठी एक कायम नेमणुकीचा, पूर्ण वेळ काम करणारा अधिकारी द्यावा, आणि त्याचा पगार योजनेच्या खर्चातच धरावा. शक्यतो तो माजी शिक्षक असावा. त्याने मुलाखती पुण्याच्या सभागृहात न घेता शिरूर-दौंडला जाऊन घ्याव्यात; कारण पुण्याच्या सभागृहात जो पोर सफाईने बोलतो तोच पुढारी, हा समज आम्ही शिक्षक असल्यापासून पाहत आलो आहोत आणि तो पुष्कळदा खोटा ठरला आहे. निवड झालेली मुलगी पुण्यात आली की तिची खोली, तिची खानावळ आणि तिचा पहिला हप्ता हेही त्यानेच पाहावे. शिष्यवृत्ती मार्चमध्ये जमा होते आणि खानावळवाला जुलैपासून पैसे मागतो. मधल्या आठ महिन्यांत कित्येक भावी पुढारी आपली वळकटी बांधून गावची गाडी धरतात.

विद्यापीठाच्या पुढील अर्थसंकल्पात अशी पदे धरली जातात की नाही, ते आम्ही पाहणार आहोत. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांपासून आरंभ केला, तर पहिल्या वर्षी दोनच माणसे लागतील.